झाडणाचा डबा

आमच्या हुपरीत केरालाही मालक असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी मूळची मुरगूडची, इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा मलाही पटलं नव्हतं. इथं घरोघरी चांदीचे पैंजण होतात. पुढच्या खोलीत कारागिरांचा कारखाना, मागच्या खोलीत चूल. कापताना, घासताना चांदीची पूड सांडते आणि केरात मिसळते, म्हणून केर बाहेर टाकायचा नाही. पायपुसणं झटकायचं तेही घमेल्यात. या केराला झाडण म्हणतात. ते झाकणाच्या डब्यात साठवायचं आणि डबा भरला की झारेकऱ्याला विकायचं. झारेकरी ते जाळून, चाळून, ओढ्याकाठी धुऊन त्यातली चांदी वेगळी काढतो. घरातल्या पोरानं त्या डब्याला हात लावला तर देव्हाऱ्याला पाय लावल्यासारखा मार बसतो.

हे आधी सांगून ठेवलं, कारण नजीराची गोष्ट या डब्याशिवाय सांगता येत नाही. नावं बदलली आहेत, गल्लीही बदलली आहे, आणि ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहिते आहे.

नजीरा म्हणजे फॉल-पिकोवाली. गावात तिची ओळख एवढीच. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत साड्या, ओठात सुई धरून बोलायची सवय. माझ्याही साड्या तिच्याकडेच असायच्या. वेळेवर कधी द्यायची नाही, आणि बोलायला गेलं की आपल्यालाच चार शब्द ऐकवायची. मग एकदा शिक्षकांसाठी कोल्हापुरात एक शिबिर झालं, एड्सबद्दल विद्यार्थ्यांशी कसं बोलावं यावर. मी कंटाळत जाऊन बसले, तर व्यासपीठावर माइक हातात घेऊन माझी फॉल-पिकोवाली उभी. "मी नजीरा. मला एचआयव्ही आहे. नवरा ट्रकवर होता, तो गेला. मुलगी आफशीन, तीही गेली. तेव्हा लहान पोरांची औषधं वेळेवर मिळत नव्हती. आता मिळतात. म्हणून मी बोलते." सभागृहातले मोबाइल खाली गेले.

परतीच्या एसटीत ती शेजारी येऊन बसली. तिकीट काढलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमची निळी साडी गुरुवारी देते." गुरुवारी साडी खरोखरच आली. मी कुणाला काही बोलले नाही.

पुढं ओळख वाढली तशी कळलं की ती कोल्हापूरच्या एका संस्थेसाठी हे काम करते, आणि तिची कामाची रीतही कळली. गडमुडशिंगीला, कोल्हापूरच्या वस्त्यांत, कॉलेजांत ती दणकून बोलते. पोरं तोंडावर हात ठेवून हसली तर म्हणते, "हसा की, हसून घ्या, मग प्रश्न विचारा." पण स्वतःच्या गावात ती तोंड उघडत नाही. इथं ज्या घरांत गोळ्यांवरची मुलं आहेत, त्या घरांत ती साडीच्या निमित्तानं जाते. गोळ्या वेळेवर चालल्यात का बघते, मुलाचं वजन विचारते, आणि त्याच्याच कपातला अर्धा चहा पिते. हा चहा ती मुद्दाम घरच्यांच्या देखत पिते. गोळ्यांची रिकामी बाटली कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, ती नजीराकडे द्यायची. साड्यांच्या घडीत लपून बाटली कोल्हापूरला जाते. आणि निमित्त खोटं ठरू नये म्हणून त्या सगळ्या साड्यांना ही बाई खरोखर फॉल लावत बसते.

या घरांपैकी एक हंबीररावांचं. हंबीररावांच्या धाकट्या भावाची मुलगी संयोगिता, अकरावीत, माझ्याच वर्गात. हा आजार तिला जन्मतःच मिळालेला. आई-बाप तिच्या लहानपणीच गेले. तिला वाढवलं आजीनं, चिमणाबाईंनी, चुलत्याच्या घरात. गोळ्यांचं माहीत होतं ते फक्त आजी आणि चुलता यांना. चुलतीला रक्त कमी आहे म्हणून सांगितलेलं. हंबीररावांनी पुतणीला खायला-प्यायला, शिकायला कधी कमी केलं नाही. पण नजीराला त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "भाभी, माझ्या घरात पोरगी हाय तवर हाय. गल्लीला कळलं त्या दिशी हितं ऱ्हायची न्हाय. कारागीर उठून गेलं तर मी काय करू?"

म्हणजे ज्या दिवशी गल्लीला कळेल, त्या दिवशी संयोगिताचं घर सुटणार. नजीराची सगळी लपवाछपवी त्या एका दिवसाला लांब ठेवण्यासाठी होती.

दसऱ्याच्या तोंडावर नजीरा तापानं पडली. सांधे धरले, सुईसुद्धा उचलेना, घरोघरी जाणं बंद. आणि नेमकं तेव्हाच हंबीररावांच्या थोरल्या मुलीचं लग्न जमत आलं. व्याही मंडळी बघायला येणार, मुक्कामाला राहणार. बायका येणार म्हणजे स्वयंपाकघरात शिरणार, डबे उघडणार, फळ्या बघणार. चिमणाबाई गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. तिथं आता ठेवता येईना. कपाटाची किल्ली सुनेकडे. मग त्या माउलीनं आयुष्यभराच्या शहाणपणानं घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली. जिथं पाहुणा हात घालत नाही, पोर हात घालत नाही, सूनही विचारल्याशिवाय झाकण काढत नाही. त्यांनी बाटली फडक्यात गुंडाळली आणि झाडणाच्या डब्यात खोल पुरली.

चांदीवाल्यांच्या घरात जन्म काढलेल्या बाईलाच ही चूक सुचू शकते. डब्याला कुणी हात लावत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि घरातून बाहेर जाणारा कणकण चाळून बघितला जातो असा केर गावात तेवढाच असतो, हे त्या घाईत त्यांच्या डोक्यातूनच गेलं.

पाहुण्यांसाठी घर स्वच्छ दिसावं म्हणून हंबीररावांनी त्याच सकाळी डबा धोंडुबाईला देऊन टाकला. चिमणाबाई तेव्हा आत करंज्या तळत होत्या.

धोंडुबाई ही झारेकरीण. नवऱ्यामागं सगळा धंदा तिनंच सांभाळला. ओढ्याकडेला तिचं पत्र्याचं घर, पुढं अंगण, अंगणात घमेली. प्रत्येक घराचं झाडण ती वेगळं धुते, मिसळत नाही, त्यामुळं कुठल्या केरातून काय निघालं आणि ते कुणाच्या घरचं, हे तिला न विचारता कळतं. आणि गावातल्या प्रत्येक कारखान्याच्या उंबऱ्यावर तिची बैठक. धोंडुबाईच्या कानावर गेलं म्हणजे दवंडी पिटली, असं आमच्याकडं म्हणतात.

पाहुणे गेल्यावर चिमणाबाई रडत नजीराकडं आल्या. नजीरा तशीच उठली. दुसऱ्या दिवशी संयोगिताला घेऊन कोल्हापूरला गेली, बोलणी खाऊन नव्या गोळ्या आणल्या. गोळ्यांचा प्रश्न मिटला. बाटलीचा मिटला नाही.

नजीरा पिशवी घेऊन ओढ्याकडं गेली. धोंडुबाई घमेल्यात पाणी फिरवत बसली होती. पलीकडं पोत्यावर तिची नात मोना झोपलेली, पाच-सहा वर्षांची असावी. ही तिच्या लेकीची मुलगी. लेक मुरगूडला दिली होती, ती गेल्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेली, असं गाव म्हणायचं.

"साड्या हायत का फॉलला?" नजीरानं विचारलं.

धोंडुबाईनं घमेलं खाली ठेवलं. नजीराच्या पिशवीकडं बघितलं, मग तोंडाकडं. "मला कुठल्या नव्या साड्या, भाभी," ती म्हणाली. "आजवर कधी आली न्हाईस माझ्या दारात."

नजीराची नजर अंगणात फिरत होती. बाटली कुठं दिसली नाही. एरवी कुणाला खोदून विचारल्याशिवाय सोडत नाही ती धोंडुबाई काही न विचारता पुन्हा पाणी फिरवायला लागली, आणि नजीरा तशीच मागं फिरली. नंतर मला म्हणाली, "मॅडम, पोरगी माझ्यापुढं निजली होती. मी तिच्याकडं बघितलंच नाही. मी बाटली शोधत होते."

त्यानंतर ते उभं राहणं सुरू झालं. संयोगिता कॉलेजातून सुटायची तेव्हा फाटकासमोरच्या चिंचेखाली धोंडुबाई उभी. मी स्वतः बघितली. घमेलं नाही, पोतं नाही, नुसती पदर खांद्यावर ओढून उभी, आणि नजर सगळ्या पोरींतून एकीवरच. संयोगिता सायकलवर बसली की ही चालू लागायची. कधी हंबीररावांच्या कारखान्यासमोरच्या कट्ट्यावर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाय दुखत्यात." संयोगिता मला म्हणाली, "मॅडम, ती बाई मला बघते, पण बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं." वर्गात ती आता दाराशेजारच्या बाकावर बसायला लागली होती. मी तिला काय सांगणार? मी निबंध तपासत बसले. माझ्याही मनात तेच होतं जे सगळ्यांच्या मनात होतं. बाई वेळ बघून आहे, आणि तोंड उघडताना किंमत सांगेल.

मग एक दिवस धोंडुबाईनं हंबीररावांच्या कारागिराला गाठून विचारलं, "त्या पोरीला ताप-बिप येतो का रं? आजारी असती का सारखी?" कारागिरानं ते मालकाला सांगितलं.

हंबीररावांनी नजीराला बोलावून घेतलं. "भाभी, संपलं. ती बाई दारात येऊन बसलीय. आज कारागिराला विचारलं, उद्या व्याह्यांना विचारंल."

"तसं घराबाहेर काढता येत नाही, आप्पा. कायदा हाय. तुमच्याएवढाच हक्क हाय तिचा ह्या घरात."

"कायदा माझ्या पोरीचं लगीन लावणार हाय काय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी टाकून देत न्हाय तिला. तुमच्या संस्थेचं वसतिगृह हाय न्हवं कोल्हापुरात? क्लासला घातलीय म्हणून सांगतो. लगीन होऊ दे, मग परत आणतो. पण तवर ह्या गावात कुणाच्या नजरंला पडायची न्हाय. पडली, तर माझ्या दारात न्हाय."

हंबीरराव वाईट माणूस नव्हे. भित्रा आहे. भित्र्या माणसाचा फटका बेसावधपणी बसतो, म्हणून जास्त लागतो. मला त्याचा अजून राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

चिमणाबाईंनी नातीची बॅग भरली. कपडे, वह्या, तेलाची बाटली. आणि गोळ्यांची नवी बाटली, इतकी वर्षं तांदळात लपवत आल्या तशी न लपवता, सगळ्यात वर ठेवली. संयोगितानं जाताना चुलतीच्या पाया पडून विचारलं, "काकू, ताईच्या लग्नाला येऊ न्हवं?" चुलतीला काहीच माहीत नव्हतं, ती म्हणाली, "ये की गं, न येऊन कसं चालंल." हंबीररावांनी मोटरसायकल सुरू केली.

संयोगिता दिसेनाशी झाली आणि धोंडुबाईचं उभं राहणंही थांबलं. गल्ली शांत झाली. नजीराला वाटलं, टळलं.

आठवडाभरात भर दुपारी धोंडुबाई नजीराच्या दारात आली. काखेला मोना. पोरीचे पाय काठीसारखे लोंबत होते, ओठांच्या कडा फाटलेल्या. धोंडुबाईनं पदराची गाठ सोडली आणि बाटली काढून जमिनीवर ठेवली. पांढरी, लेबल अर्धं खरवडलेली. नजीरानं उचलली. रिकामी होती.

"हीच हुडकाय आली हुतीस न्हवं? ह्या गोळ्या आनखी कुठं मिळत्यात?" धोंडुबाईनं विचारलं.

नजीरा सांगते, तिला आधी कळेचना. "ह्यातल्या कुणी खाल्ल्या?"

"हिनं. दगडावर फोडून अर्धी अर्धी घातली. गुळातनं. पहिल्यांदा उलटी काढायची."

नजीरानं मोनाला मांडीवर ओढलं. त्या मोठ्या माणसांच्या गोळ्या होत्या, आणि पोरीची तपासणीसुद्धा झालेली नव्हती. तिला धोंडुबाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी तिला आफशीन आठवली, असं ती म्हणते. तेव्हा तिनंही मांत्रिकाचा अंगारा दुधातून घातला होता.

धोंडुबाई सांगत राहिली. तिची लेक माहेरी यायची तेव्हा असलीच बाटली पिशवीच्या तळाशी असायची. तिनं बघितली होती. विचारलं नव्हतं. "लेकीनं सांगितलं न्हाय, म्हंजे इचारायचं नसंल म्हणलं. ती गेली. ही वाळाय लागली, तिच्यासारखीच. मग हंबीररावाच्या झाडणात हे घावलं. म्हणलं, त्या घरात बी कोणतरी हाय. बघत ऱ्हायलो कोण ते. तर आय-बाप गेलेली ती पोरगी. सायकल मारती, हसती, पुस्तकं घिऊन कालिजात जाती." तिनं नाक पुसलं. "असलं औषध खाऊन पोरगी एवढी मोठी व्हती, हे मी कधी बघितलं नव्हतं. म्हणून रोज बघत हुतो."

 आम्ही सगळे जिला डूख धरून बसलेली नागीण समजत होतो, ती एवढंच बघत होती की पोरगी आजही जिवंत आहे का.

"हिला उद्याच कोल्हापूरला नेऊ," नजीरा म्हणाली. "तपासू. लहान पोरांच्या गोळ्या वेगळ्या असतात. फुकट मिळतात. पोरगी जगंल, धोंडुबाई."

"मग ती पोरगी कुठं हाय?"

"कोल्हापुरात. वसतिगृहात."

धोंडुबाई उठली. तिनं मोनाला परत काखेला मारलं. "माझ्या लेकीला बी कोल्हापुरात ठेवलंय म्हणून सांगिटलं हुतं. दवाखान्यात हाय, बरी हाय, चार दिसांनी या. आम्ही गेलो तवा राख थंड झालती." ती उंबऱ्यात थांबली. "ती पोरगी डोळ्यांपुढं दाव, मग हिला नेतो. न्हायतर हितंच मरू दे माझ्या मांडीवर. तुमच्या कोल्हापुरात न्हाय."

नजीरा दोनदा परत गेली. मीही एकदा गेले. मी तिला वैद्यकशास्त्राच्या प्रगतीबद्दल सांगितलं, आणि तिनं मला पाटावर बसवून पाणी दिलं. फोनवर संयोगिताचा चेहरा दाखवला तर म्हणाली, "फोटू तर माझ्या लेकीचा बी हाय." मोना पोत्यावर पडून आमच्याकडं बघत होती, आणि प्रत्येक खेपेला ती आदल्या खेपेपेक्षा कमी हलत होती.

मग नजीरा कोल्हापूरला जाऊन संयोगितासमोर बसली. तिनं काही झाकलं नाही. गावात दिसलीस तर चुलत्याचं दार बंद होईल हेही सांगितलं, आणि नाही म्हणालीस तरी मी तुला बोल लावणार नाही, हेही.

संयोगितानं विचारलं, "केवढी हाय ती?"

"तू गोळ्या सुरू केल्यास तेव्हा होतीस, तेवढी."

संयोगितानं ओढणीचं टोक गुंडाळलं आणि सोडलं. "आज्जीला भेटाय मिळंल का नंतर?" नजीराला खोटं बोलता आलं नाही. ती म्हणाली, "ठाऊक नाही, पोरी." मग संयोगिता उठून चपला शोधायला लागली.

सकाळच्या एसटीनं दोघी हुपरीत उतरल्या आणि गावातून चालत ओढ्याकडं गेल्या. धोंडुबाईनं संयोगिताला अंगणात उन्हात उभं केलं. गाय विकत घ्यावी तसं तिला न्याहाळलं. दंड दाबला, जीभ काढायला लावली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. संयोगितानं सगळं करू दिलं. मग तिनं स्वतःच बाटली काढली, घागरीतलं पाणी घेतलं आणि ओढ्यावरून येणारी-जाणारी माणसं बघत असताना गोळी गिळली.

"किती वर्सं झाली?" धोंडुबाईनं विचारलं.

"हिच्याएवढी हुतो तवापासून."

धोंडुबाई आत गेली. येताना मोनाला धुतलेला फ्रॉक घालून, वेणी घालून घेऊन आली. दाराला कडी घातली. "चला," म्हणाली.

स्टँडवर चौघी एसटीची वाट बघत उभ्या होत्या तेव्हा हंबीररावांची मोटरसायकल समोरून आली. त्यांनी बघितलं. फॉल-पिकोवाली, झारेकरीण, तिची आजारी नात, आणि त्या नातीला कडेवर घेतलेली आपली पुतणी. मोटरसायकल हळू झाली. संयोगिता "काका" म्हणाली. मोटरसायकल निघून गेली.

मोनाची तपासणी झाली. निघायचं तेच निघालं. आता तिला लहान मुलांच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी अजून भरवशाचं काही सांगितलेलं नाही. अन्न पोटात ठरतंय, एवढंच. थंडी जायची आहे. नजीरा रोज जाते आणि तिच्या कपातला अर्धा चहा पिते.

हंबीररावांच्या मुलीचं लग्न थाटात झालं. संयोगिताला बोलावणं गेलं नाही. लग्नानंतरही तिला कुणी आणायला गेलं नाही. गावात अजून उघड कुणी काही बोललेलं नाही. पण हंबीररावांचा एक कारागीर सोडून गेला, आणि नजीराकडं साड्या कमी यायला लागल्यात. परवा पिठाच्या गिरणीत एक बाई मला विचारत होती, "मॅडम, तुम्ही बी तिच्याकडंच फॉल लावता न्हवं?" मी हो म्हणाले. तिनं आपला डबा माझ्या डब्यापासून जरा बाजूला सरकवला.

संयोगिता रविवारच्या एसटीनं येते. चुलत्याच्या गल्लीकडं वळत नाही, सरळ ओढ्याकडं जाते, मोनाला अक्षरं गिरवायला शिकवते. थोड्या वेळानं चिमणाबाई येतात, कंबरेवर झाडणाचा डबा घेऊन. केर देऊन येते, असं त्या घरात सांगतात. पूर्वी डबा भरायला महिने लागायचे, आता दर रविवारी निघतो, आणि हंबीरराव दारात बसून तो जाताना बघतात, काही विचारत नाहीत. डब्याच्या तळाशी मूठभर केर असतो. चिमणाबाई आणि संयोगिता भिंतीला टेकून बोलत बसतात, आणि धोंडुबाई तेवढा केर घमेल्यात घेऊन, त्या उठेपर्यंत, हळूहळू धूत राहते.